कानगोष्टी : चाळीस गाणी आणि एकच पहिला नंबर

वर्ष संपत आलं की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. वर्षभर कुणी गायकांबद्दल विचारतं, कुणी हेडफोनबद्दल. डिसेंबरात मात्र बहुतेकांना एकच विचारायचं असतं : या वर्षातल्या आपल्या आवडत्या पॉप गाण्यांची क्रमवारी लावायची कशी? मी २००६ पासून दरवर्षी ही यादी करते आहे, वहीत आणि हाताने. म्हणून यंदाचं सदर पूर्ण याच पत्रांना दिलं आहे.

प्रश्न : वर्षभरात आवडलेली चाळीस गाणी फोनमध्ये जमवली आहेत. क्रम लावायला बसलो की डोकं चालेनासं होतं. सकाळी तिसऱ्या नंबरवर असलेलं गाणं रात्री अकराव्यावर जातं. माझी आवडच कच्ची आहे का? तुम्ही हे कसं करता, ताई?

तुमची आवड पक्की आहे. चाळीस गाण्यांकडे एकदम पाहून ‘यातलं सगळ्यात लाडकं कोणतं’ असं विचारलं, तर कुणाचाही गोंधळ उडेल. दोनच गाणी समोर असली की उत्तर बहुतेक वेळा लगेच येतं. लुई थर्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली यावरच एक सिद्धांत मांडला. आवडनिवड पट्टीने मोजता येत नाही, पण जोड्या लावून, ‘या दोघांत कोण’ असं विचारत गेलं तर मोजता येते, असा त्याचा गाभा. तुमच्या कामाची गोष्ट त्यातच पुढे आहे. एकाच जोडीबद्दल माणूस आज एक आणि उद्या दुसरं उत्तर देणार, हे थर्स्टनने धरूनच ठेवलं होतं. उत्तर जितक्या वेळा उलटतं, तितकी ती दोन गाणी मनात एकमेकांच्या जवळ. म्हणजे सकाळ-संध्याकाळ जागा बदलणारं तुमचं गाणं तुम्हाला काहीतरी सांगतंय, फसवत नाहीये.

सगळ्या जोड्या मात्र लावू नका. चाळीस गाण्यांच्या ७८० जोड्या होतात. मी चिठ्ठ्या करते. एक गाणं, एक चिठ्ठी. पहिली चिठ्ठी टेबलावर ठेवायची, दुसरी तिच्या वर किंवा खाली. तिसरीपासून पुढे प्रत्येक नवी चिठ्ठी आधी रांगेच्या मधल्या चिठ्ठीशी ताडायची. वर गेली तर वरच्या अर्ध्यातल्या मधल्या चिठ्ठीशी, खाली गेली तर खालच्या. रांगेत पंधरा चिठ्ठ्या असल्या तरी सोळावीला जागा मिळायला फार तर चार तुलना लागतात. दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

कधीतरी चक्र सापडतं. पहिलं दुसऱ्याहून आवडतं, दुसरं तिसऱ्याहून, आणि तिसरं परत पहिल्याहून! बहुमताच्या मतदानात असं चक्र पडू शकतं, हे फ्रान्सच्या काँदोर्से या गणितज्ञाने १७८५ मध्येच दाखवलं होतं. एकट्याच्या मनातही ते पडतं. अशा तिन्ही चिठ्ठ्या मी एकावर एक ठेवून पिन लावते आणि आठवड्याने उघडते.

दोन गोष्टी विसरू नका. तुलना करताना दोन्ही गाण्यांचा आवाज कानाला सारखा लागेल असा लावा. जरा मोठ्याने वाजणारं गाणं आपल्याला उगाचच जास्त भरलेलं वाटतं. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मनसन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवलं आहे. ठेक्यावर उभं असलेलं गाणं हळू लावलं तर त्याच्यावर अन्याय होतो. मी एका वर्षी अशी एक चिठ्ठी सहा जागा खाली ठेवली होती, आणि मार्चमध्ये ते गाणं गाडीत मोठ्याने ऐकल्यावर चूक कळली.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रत्येक चिठ्ठीवर गाण्याच्या नावाखाली, ज्या जागेसाठी मी त्या गाण्याकडे परत परत जाते ती जागा लिहिते. वेळेसकट. यंदाच्या एका चिठ्ठीवर असं आहे : ‘२ मिनिटं ४१ सेकंद. शेवटच्या धृपदाआधी सगळं थांबतं, तिचा श्वास आत घेतलेला ऐकू येतो, आणि ती ठरलेल्या जागेच्या किंचित आधीच गायला लागते.’ तो श्वास कुणीतरी मुद्दाम राहू दिला आहे. कापून टाकणं सोपं होतं. त्या अर्ध्या सेकंदासाठी ते गाणं माझ्या पहिल्या पाचांत आहे. जागा लिहिता आली नाही, नुसतंच ‘छान आहे’ एवढंच सुचलं, तर ती चिठ्ठी मी दहाच्या आत येऊ देत नाही.

प्रश्न : ॲपने वर्षाअखेरीला माझं ‘सर्वाधिक ऐकलेलं गाणं’ म्हणून जे दाखवलं, ते मला फारसं आवडतही नाही! अभ्यास करताना ते मागे चालू असतं इतकंच. पण आकडे खोटे कसे म्हणू?

आकडे खरेच आहेत, ते वेगळ्याच गोष्टीचे आहेत. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक वेळ मोजली जाते. ते तुम्ही डोळे मिटून ऐकलं, की वाचताना मागे वाजत होतं, की फोन दुसऱ्या खोलीत होता, हे त्या मोजणीला कळत नाही. शिवाय ही वर्षअखेरची गोळाबेरीज वर्ष संपायच्या कितीतरी आधी थांबते, नाहीतर ती डिसेंबरच्या सुरुवातीला तुमच्या हातात पडलीच नसती. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यांत जीव जडलेलं गाणं तिथे दिसणारच नाही.

त्या यादीचा मी एक उपयोग करते : विसरलेली गाणी आठवायला. फेब्रुवारीत आवडलेलं आणि मेपर्यंत मागे पडलेलं एखादं तिथे हटकून सापडतं. त्याची चिठ्ठी करते. क्रम मात्र तिथून घेत नाही.

प्रश्न : एक गाणं मी जूनमध्ये तीन आठवडे दिवसरात्र ऐकलं. आता सुरू झालं की बंद करते. दुसरं वर्षभर अधूनमधून ऐकत आले, कधी वेड लागलं नाही, पण कधी कंटाळाही आला नाही. वर कोणाला ठेवू?

या प्रश्नावर मी वर्षानुवर्षं विचार केला आहे. बाजाराचं उत्तर आधी सांगते. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाची वार्षिक यादी आठवड्यांची बेरीज करून बनते. २०२१ च्या वार्षिक यादीत दुआ लिपाचं ‘लेव्हिटेटिंग’ पहिलं होतं, आणि ते गाणं एकाही आठवड्यात पहिल्या नंबरवर गेलं नव्हतं. दुसऱ्या नंबरपर्यंत पोचलं आणि तळ ठोकून राहिलं. २०२४ चं पहिलं गाणं, टेडी स्विम्सचं ‘लूज कंट्रोल’, साप्ताहिक यादीत एकच आठवडा पहिलं होतं. बेरीज टिकाऊपणाला मान देते. त्या हिशेबाने तुमचं वर्षभर सोबत असलेलं गाणं वर जाईल.

पण तुमची यादी तुमच्या वर्षाची आहे, आणि वर्ष बेरजेने आठवत नाही. २०१६ मध्ये आई आजारी होती. रात्री मी तिच्या पलंगाशेजारी बसायचे. एका कानात इअरफोन, दुसरा कान तिच्यासाठी मोकळा. त्या महिन्याभरात मी एकच गाणं ऐकलं, इतक्या हळू आवाजात की ठेका जवळपास ऐकूच यायचा नाही, फक्त गाणाऱ्याचा आवाज यायचा. एकाच कानात ऐकल्यामुळे त्या गाण्यातली एक गिटार, जी दुसऱ्या बाजूला आहे, मला कितीतरी महिने माहीतच नव्हती. आई गेल्यावर ते गाणं मला लावता येईना. डिसेंबरात चिठ्ठ्या मांडल्या तेव्हा तुलनेसाठीसुद्धा लावलं नाही. तरी त्याला पहिला नंबर दिला. त्या वर्षी दुसरं काही पहिलं असूच शकत नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगते, ‘आज कोणतं ऐकावंसं वाटतं’ एवढ्यावर ठरवू नका. ‘कोणतं गाणं नसतं तर माझं हे वर्ष वेगळं गेलं असतं’ असं स्वतःला विचारा. जूनमधल्या गाण्याने तुम्हाला तीन आठवडे उचलून धरलं असेल, तर आता नकोसं झालं म्हणून त्याचा मान जात नाही. नुसती चटकदार चाल तोंडात बसली होती, असं असेल तर खुशाल खाली सरकवा. यातलं काय झालं होतं, ते तुम्हालाच माहीत आहे.

प्रश्न : गाणं आलं मागच्या वर्षी, मला सापडलं यंदा. यंदाच्या यादीत घेतलं तर चालेल का? मित्र म्हणतो ही लबाडी आहे.

मित्राला ‘हीट वेव्ह्ज’ची हकिकत सांगा. ग्लास ॲनिमल्स या ब्रिटिश बँडचं हे गाणं जून २०२० मध्ये आलं. ऑस्ट्रेलियात ट्रिपल जे रेडिओच्या श्रोत्यांनी त्याला २०२० चं सर्वोत्तम गाणं ठरवलं. अमेरिकेत तेच गाणं हळूहळू चढत मार्च २०२२ मध्ये, यादीत शिरल्यापासून ५९ व्या आठवड्याला, पहिलं झालं. मग २०२२ च्या वार्षिक यादीतही पहिलं! गाणं एकच, दोन देशांत दोन वर्षांचं मानकरी. आणि केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ तर १९८५ चं. एका मालिकेत वाजल्यामुळे जून २०२२ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं.

वर्ष कधी सुरू होतं हेसुद्धा जो तो आपापलं ठरवतो. बिलबोर्डचं वर्ष अलीकडे साधारण ऑक्टोबरअखेर ते ऑक्टोबर असं धरलं जातं. माझा नियम असा : गेल्या दोन वर्षांत आलेलं आणि मला या वर्षी पहिल्यांदा भिडलेलं गाणं यादीत येतं. त्याहून जुनं असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर ‘उशिरा भेटलेली’ म्हणून वेगळं लिहिते. तुमचा नियम वेगळा असू दे. जानेवारीत ठरवा आणि डिसेंबरात लाडक्या गाण्यासाठी वाकवू नका, एवढंच. लबाडी झालीच तर तिथे होते.

प्रश्न : डिसेंबरात आलेली गाणी नेहमी वर जातात. हा ताजेपणाचा फायदा काढून टाकायचा कसा?

डिसेंबरच्या गाण्यांना फायदा असतो तसा तोटाही असतो. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट वारंवार समोर आली, की बाकी काही कारण नसतानाही ती जास्त आवडू लागते. निरर्थक शब्द आणि अनोळखी चिन्हं वापरूनसुद्धा त्याला हे दिसलं. म्हणजे जानेवारीच्या गाण्याला ओळखीचा फायदा, डिसेंबरच्या गाण्याला नव्हाळीचा. मी ३१ डिसेंबरला यादी पेन्सिलने लिहिते आणि पुढच्या जानेवारीच्या शेवटी शाईने. या मधल्या महिन्यात डिसेंबरची गाणी आपली खरी जागा बहुतेक शोधून घेतात.

प्रश्न : मला न कळणाऱ्या भाषेतलं गाणं पहिलं ठेवलं तर ते उथळ ठरेल का?

मुळीच नाही. क्यू साकामोतोचं जपानी गाणं १९६३ मध्ये ‘सुकियाकी’ या नावाने अमेरिकेत तीन आठवडे पहिलं होतं, आणि ते जपानीतच होतं. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना शब्द कळले असतील? आवाजातली उदासी मात्र पोचली. फक्त क्रम कायम करण्याआधी एकदा अर्थ वाचा. माझं एक गाणं अर्थ वाचल्यावर दोन जागा वर गेलं, आणि एक इतकं खाली गेलं की यादीबाहेर पडलं.

प्रश्न : माझं यंदाचं पहिलं गाणं म्हणजे जे सगळीकडे वाजतंय, लहान मुलंही ज्यावर नाचताहेत, तेच. माझे मित्र गंभीर संगीत ऐकणारे. त्यांना यादी दाखवायची लाज वाटते. पहिल्या नंबरवर काहीतरी वजनदार ठेवू का?

ठेवू नका. मी ठेवलं होतं, म्हणून सांगते. २०११ ची माझी वही उघडली की पहिल्या नंबरवर एक लांबलचक, अवघड, समीक्षकांनी वाखाणलेलं गाणं दिसतं. त्याच्यापुढे मी जागा लिहिलेली नाही. आज ते गाणं लावलं तर मला त्यातलं काहीच आठवत नाही. चौथ्या नंबरवर एक नाचाचं गाणं आहे, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात चार ओळी : धृपदात टाळ्या कुठे दुप्पट होतात, मागचा कोरस कधी आत येतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जिन्यावर कशी थांबले होते. खरं पहिलं गाणं कोणतं होतं ते शाईच सांगते. मी फक्त लोकांना दाखवायला तीन जागा फिरवल्या आणि एका वर्षाची नोंद बिघडवून ठेवली. ती आता दुरुस्त करता येत नाही, कारण २०११ मधली मी आता विचारायला हाताशी नाही.

आणि लोकप्रिय म्हणजे हलकं, हे मला मान्यच नाही. १९८४ मध्ये बिलबोर्डच्या वार्षिक यादीत पहिलं आलेलं गाणं होतं प्रिन्सचं ‘व्हेन डव्ह्ज क्राय’. नाचता येईल असं गाणं, आणि त्यात बेस गिटारच नाही. प्रिन्सने ती काढून टाकली. एकदा मुद्दाम ऐका. ठेका, आवाज, वर कीबोर्ड, आणि खाली जिथे नेहमी काहीतरी धरून ठेवणारं असतं तिथे पोकळी. ते गाणं अधांतरी वाटतं ते त्यामुळे. इतकी धीट गोष्ट वर्षातल्या सगळ्यात लोकप्रिय गाण्यात झाली. तुमच्या गाण्यातही असं काही असेल. मित्रांना नंबर सांगण्याआधी ती जागा वाजवून दाखवा. मग हसले तरी हरकत नाही.

प्रश्न : क्रम लावला तरी पहिल्या आणि दुसऱ्या गाण्यात किती अंतर आहे ते कळत नाही. त्यासाठी काही युक्ती आहे का?

आहे, आणि ती मी न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकाच्या समीक्षक-मतदानातून उचलली आहे. तिथे अल्बमसाठी प्रत्येक समीक्षकाला १०० गुण मिळत. ते दहा अल्बममध्ये वाटायचे, एकाला जास्तीत जास्त ३० आणि कमीत कमी ५. गंमत म्हणजे गाण्यांना तिथे गुण नसत, नुसती दहा नावं द्यायची. मी तीच पद्धत गाण्यांना लावते. गेल्या वर्षी पहिल्याला २३ दिले आणि दुसऱ्याला २२, तेव्हा कळलं की ही दोघं जुळी आहेत. २०१६ च्या पहिल्या गाण्यापुढे ३० आहेत आणि दुसऱ्यापुढे ११. गुण वाटताना हात आखडतो तिथे थांबा आणि ते गाणं पुन्हा ऐका. बहुधा ते एक-दोन जागा वर आलेलं असतं.

प्रश्न : माझं वय ६८. बिनाका गीतमालाची वार्षिक यादी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन ऐकायचो. अमीन सयानी एकेक पायदान चढत जायचे आणि आमची पैज लागलेली असायची. आजची गाणी मी ऐकत नाही. नातीने सांगितलं, तुम्हीही यंदा यादी करा. चाळीस कुठून आणू?

आजोबा, चाळीस नकोतच. तुमच्याकडे जे आहे ते आमच्यापैकी फार थोड्यांकडे आहे : यादी कान देऊन ऐकायची सवय. एखादं गाणं दोन पायदानं घसरलं तर कळवळणारा माणूस क्रमवारी लावायला शिकलेलाच असतो.

नातीला यंदाची तिची दहा गाणी मागा, पण क्रम सांगू नकोस म्हणावं. रोज एकच ऐका, दोनदा. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दहा दिवसांनी तुमचा क्रम तुम्ही लावा, तिचा ती लावेल, आणि दोघांनी शेवटापासून, दहाव्या पायदानापासून, एकेक नाव वाचा. पहिल्या नंबरला दोघांचं एकच गाणं निघालं तर मला जरूर कळवा. वेगळं निघालं तर तिच्या पहिल्या गाण्यातली तिची जागा कोणती, ते तिला वाजवून दाखवायला सांगा, आणि तुमची तुम्ही दाखवा.